फ्लॅश पेटत नाही : एका जोडणीचा इतिहास

कॅमेऱ्याचे शटर उघडते त्याच क्षणी बाहेरचा फ्लॅश पेटावा म्हणून दोघांमध्ये जी विद्युत जोडणी असते, तिला जेमतेम नव्वद वर्षे झाली आहेत. त्याआधी छायाचित्रणात कृत्रिम प्रकाश होता, जोडणी मात्र नव्हती. १८६४ साली आल्फ्रेड ब्रदर्स यांनी इंग्लंडमधील डर्बीशरच्या ब्लू जॉन गुहेत मॅग्नेशियम जाळून छायाचित्र घेतले. पुढच्याच वर्षी चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात हाच प्रयोग केला. १८८७ मध्ये आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके या दोघा जर्मनांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण तयार केले. हीच फ्लॅश पावडर. न्यूयॉर्कच्या चाळींमधले अंधारे जिणे जेकब रीस यांनी टिपले ते याच पुडीच्या उजेडात. पद्धत साधी होती. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का करायचा, अंधारात शटर उघडे ठेवायचे, तबकातली पूड पेटवायची आणि मग शटर बंद करायचे. पुडीने हात भाजत, पडदे पेटत, खोलीभर पांढरा धूर होई. पण प्रकाश आणि शटर यांची वेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शटर आधीपासून उघडेच असे.

हे चित्र बदलले ते १९२९ मध्ये जर्मनीत फ्लॅशबल्ब विक्रीला आल्यावर. योहानेस ऑस्टरमायर यांचा ‘व्हॅक्युब्लिट्झ’ म्हणजे प्राणवायू भरलेला काचेचा गोळा आणि त्यात चुरगळलेला ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख. आतली बारीक तार टॉर्चच्या बॅटरीवर तापे आणि वर्ख एका झटक्यात जळून जाई. धूर नाही, आवाज नाही, आग लागण्याची भीती फारच कमी. पुडीपेक्षा मोठा फरक मात्र वेगळाच होता. बल्ब विजेने पेटत होता, आणि वीज शटरलाच जोडता येत होती. ड्रेस्डेनच्या इहागे कंपनीने १९३५ मध्ये आपल्या छोट्या एक्झाक्टा कॅमेऱ्याच्या अंगावर फ्लॅशची वायर खोचण्याची छिद्रे दिली. शटरमधलाच एक संपर्क बल्बचे मंडल पुरे करू लागला आणि बाहेरच्या फ्लॅशची जोडणी कॅमेऱ्याच्या रचनेचा भाग झाली. तिच्याबरोबर दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर एक कायमची तक्रारही आली : फ्लॅश पेटत नाही. आणि तिची जुळी बहीण : फ्लॅश पेटतो, फोटो काळा येतो. या दोन तक्रारींची कारणे अगदी वेगळी आहेत आणि जोडणीच्या इतिहासातही ती वेगवेगळ्या वाटांनी येतात.

दुसरी तक्रार आधी पाहिलेली बरी, कारण सुरुवातीच्या काळात तिनेच जास्त छळले. बल्ब लगेच पेटत नाही. वीज मिळाल्यापासून त्याचा प्रकाश शिगेला पोहोचायला मध्यम जातीच्या बल्बला सुमारे २० मिलिसेकंद लागतात. शटरची पाती त्याहून फार लवकर उघडून मिटू शकतात. म्हणजे वीज आधी द्यायची आणि शटर थोडे थांबून उघडायचे, असा क्रम लावावा लागतो. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या लाडक्या स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर हे काम बाहेरून बसवलेल्या सोलेनॉइडने होई. फ्लॅशच्या दांड्यात टॉर्चचे मोठे सेल असत. बटण दाबले की तीच वीज एकीकडे बल्बला आणि दुसरीकडे लेन्सजवळच्या सोलेनॉइडला जाई, आणि सोलेनॉइड शटरचा खटका ओढी. त्याचा दांडा किती सरकवायचा, यावर उशीर ठरे आणि तो उशीर हाताने जुळवावा लागे. सेल उतरू लागले की बल्ब पेटे, पण सोलेनॉइड ढिला पडे. शटर उशिरा उघडे आणि निगेटिव्ह पातळ येई. त्यामुळे अनुभवी बातमी-छायाचित्रकार जोडणीत काही खोट दिसली की प्रथम सेल बदलत. जुन्या कॅमेऱ्यांसाठी हा क्रम आजही चुकीचा नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या आणि १९४२ नंतर दिल्लीत काम केलेल्या छायाचित्रकार होमाई व्यारावाला स्पीड ग्राफिकच वापरत. एका फोटोला एक बल्ब या हिशेबाने काम करणाऱ्या त्या पिढीला चुकलेली वेळ परवडत नव्हती. जाता जाता : ग्राफ्लेक्सचा तीन सेलांचा हाच दांडा पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटात नायकाच्या हातातली प्रकाशाची तलवार झाला. त्या चित्रपटामुळे जुने दांडे संग्राहकांनी उचलले आणि खऱ्या कॅमेऱ्यांसाठी ते मिळेनासे झाले.

सोलेनॉइडचा हा द्राविडी प्राणायाम शटर बनवणाऱ्यांनी हळूहळू आत घेतला. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांचे कॉम्पुर आणि काल्मबाखच्या आल्फ्रेड गाउथिअर यांचे प्रॉन्टॉर ही पात्यांची शटरे जगभरच्या कॅमेऱ्यांत बसत. त्यांच्या आत एक छोटी दातेरी चाकांची साखळी घातली गेली. लिव्हर ‘एम’वर ठेवला की आधी संपर्क जुळे, मग ही चाके फिरत आणि त्यानंतर पाती उघडत. ‘एक्स’वर ठेवला की पाती पूर्ण उघडल्यावरच संपर्क जुळे. बल्बसाठी ‘एम’, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशसाठी ‘एक्स’. लायकाने १९५० च्या थ्री-एफ कॅमेऱ्यात याहून हौशी तोडगा काढला. वेगाच्या चकतीखाली ० ते २० असे आकडे होते आणि बल्बची जात व शटरचा वेग पाहून तक्त्यातला आकडा तिथे लावायचा. तक्ता घरी राहिला की अंदाजच.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचे गणित उलटे आहे. अमेरिकेच्या एमआयटीत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास वायूच्या नळीतून क्षणिक झोत काढण्याचे तंत्र बसवले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते छायाचित्रकारांच्या खांद्यावर आले. झेनॉन वायूची नळी आज्ञा मिळताच पेटते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास विझूनही जाते. शटर तेव्हा पूर्ण उघडे नसेल तर सगळा प्रकाश वाया. म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावलेल्या जुन्या कॅमेऱ्याचा लिव्हर चुकून ‘एम’वर सरकला की फ्लॅश डोळे दिपवतो आणि फिल्म कोरी राहते. हासेलब्लाडच्या जुन्या लेन्सांवरचा हा लिव्हर इतका सहज सरके, की काही स्टुडिओंत तो चिकटपट्टीने जखडलेला असे. पेंटॅक्सच्या १९६४ च्या स्पॉटमॅटिकने हाच घोटाळा वेगळ्या रूपात दिला. त्याच्या पुढच्या अंगावर दोन सॉकेटे होती, एक ‘एफपी’ आणि एक ‘एक्स’. दिसायला दोन्ही सारखीच. ‘एफपी’ पडद्याच्या शटरसाठी बनवलेल्या, लांब आणि सपाट जळणाऱ्या बल्बांसाठी. तिथे संपर्क पडदा उघडण्याच्या आधीच जुळे. त्यात इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची वायर खोचली की फोटो गेला. वापरणाऱ्याला यात कॅमेरा बिघडल्याचे वाटे, आणि दुरुस्तीवाला वायर शेजारच्या छिद्रात घालून पैसे न घेता परत देई, निदान प्रामाणिक असेल तर.

पडद्याच्या शटरची आणखी एक मर्यादा आहे, ती जोडणीच्या दोषासारखी दिसते पण दोष नसतो. पडद्याच्या शटरमध्ये ठरावीक वेगापुढे फिल्म एकाच क्षणी पूर्ण उघडी नसते. दोन पडद्यांमधली फट तिच्यावरून सरकत जाते. फ्लॅश त्या फटीपुरताच उमटतो आणि फोटोचा एक पट्टा काळा राहतो. आडव्या सरकणाऱ्या कापडी पडद्यांना ही सीमा बहुधा १/६० सेकंद होती. उभ्या सरकणाऱ्या धातूच्या कोपाल शटरने ती १/१२५ वर नेली. निकॉनच्या एफएम-२ ने १९८२ मध्ये १/२०० आणि दोनच वर्षांत १/२५० गाठले. काळा पट्टा सरळ कडेचा आणि प्रत्येक फोटोत त्याच बाजूला असेल तर वेग उतरवून पाहायचा. वायरीला हात लावण्याची गरज नसते. पट्टा कमी वेगालाही येत राहिला तर मात्र पडद्यांची चाल किंवा आतल्या संपर्काची वेळ बिघडलेली असते. फिल्मच्या कॅमेऱ्यात हे तपासणे फार सोपे होते. मागचे झाकण उघडायचे, लेन्स भिंतीवर रोखायची, फ्लॅशही त्याच भिंतीवर, आणि मागून पाहत बटण दाबायचे. झोताच्या क्षणी पूर्ण चौकट उजळलेली दिसली तर वेळ बरोबर. डिजिटल कॅमेऱ्यात मागून डोकावायला जागाच राहिली नाही. तिथे फोटोच पाहावा लागतो, आणि खरे तर तो लगेच पाहता येत असल्याने कोणी तक्रार करीत नाही.

आता पहिली तक्रार, न पेटणाऱ्या फ्लॅशची. तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एक छोटे गोल सॉकेट असते. प्रॉन्टॉर आणि कॉम्पुर यांच्या आद्याक्षरांवरून त्याला पीसी सॉकेट म्हणतात. संगणकाशी त्याचा काही संबंध नाही, जरी दुकानात तशी गल्लत होते. मधोमध बारीक खुंटी आणि भोवती सुमारे ३.५ मिलिमीटरची धातूची कडी, एवढीच रचना. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन कॅमेऱ्यांतून ती पसरली, जपानी उत्पादकांनी तीच उचलली आणि पुढे आयएसओ ५१९ या क्रमांकाने तिला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तोवर अमेरिकेत कोडॅक, ग्राफ्लेक्स वगैरेंच्या शटरवर खुंट्यांचे आणि फिरवून बसणारे वेगळेच सांधे होते. ते जास्त मजबूत होते, पण बाजार हरला.

पीसी सॉकेट ही कॅमेऱ्यांच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी निकृष्ट वस्तू म्हणावी लागेल. वायरीचे टोक सॉकेटात नुसत्या घर्षणाने टिकते. कॅमेरा गळ्यात, फ्लॅश बाजूच्या दांड्यावर आणि मध्ये गुंडाळीची वायर, अशा स्थितीत वाकले-वळले की टोक थोडे बाहेर येते. टोकाची बाहेरची नळी चिमटल्यासारखी चिरलेली असते. दहा-वीस वेळा काढ-घाल झाली की ती फाकते आणि सॉकेटाला धरीनाशी होते. मग कोणी पक्कडीने दाबतो, नळी चपटी होते आणि रोग बळावतो. यावर एक लहानसे हत्यार निघाले : एका टोकाने नळी योग्य मापाला आवळायची, दुसऱ्याने मधली खुंटी सरळ करायची. सॉकेट बदलण्यापेक्षा त्याच्यासाठी हत्यार विकणे सोपे गेले, यातच त्याची सारी कथा आली. शहाण्या उत्पादकांनी आपापले उपाय केले. रोलायने सॉकेटाशेजारी टोक अडकवून धरणारी कळ दिली. निकॉनने सॉकेटाला बाहेरून आटे पाडले, म्हणजे खास वायर स्क्रूसारखी बसवता येते. पण साधी वायर कुठल्याही कॅमेऱ्याला चालते हाच पीसी सॉकेटचा मोठा गुण असल्यामुळे बहुसंख्य लोक साधीच वायर घेत राहिले.

वायरीचा बिघाड शोधण्याची रीत या काळात पक्की झाली आणि ती अजून तशीच आहे. आधी फ्लॅशवरचे टेस्ट बटण दाबायचे. पेटला तर फ्लॅश आणि सेल ठीक. मग वायर कॅमेऱ्यातून काढून तिच्या टोकाची मधली खुंटी आणि बाहेरची नळी एखाद्या पिनेने क्षणभर जोडायची. पेटला तर वायर ठीक, दोष कॅमेऱ्याच्या सॉकेटात किंवा शटरमध्ये. पेटला नाही तर वायर गेली. वायर बहुतेक टोकापाशी, जिथे ती वळते तिथे आतून तुटलेली असते. वरचे रबर धड दिसते म्हणून फसगत होते. वायर दोन्ही बोटांत धरून टोकाशी हलवत टेस्ट केली की लूज कॉन्टॅक्ट पकडला जातो. कॅमेऱ्याच्या बाजूने तपासायचे तर मल्टिमीटर ओहमवर लावून सॉकेटच्या दोन भागांत धरायचा आणि शटर ‘बी’वर उघडे ठेवायचे. शटर उघडे असताना मंडल पुरे व्हायला हवे आणि बंद असताना तुटायला हवे. बंद असतानाही पुरेच दिसत असेल तर आतला संपर्क चिकटला आहे. अशा कॅमेऱ्याला वायर जोडताच फ्लॅश आपोआप एकदा पेटतो आणि नंतर कितीही बटण दाबले तरी पेटत नाही. हे सारे जुन्या यांत्रिक शटरपुरते खरे. नव्या कॅमेऱ्यांत संपर्काच्या जागी अर्धवाहक स्विच असतो आणि ओहमचा मीटर त्याबद्दल धड काही सांगत नाही.

जोडणीच्या कटकटीला कंटाळून साठच्या दशकात एक वेगळी दिशा पुढे आली. १९६५ मध्ये सिल्व्हेनिया आणि कोडॅक यांनी चार बल्बांचा फिरता फ्लॅशक्यूब आणला. त्यात वायर नव्हती, पण कॅमेऱ्यात सेल होते आणि बल्बला टेकणारे संपर्क होते. सेल उतरलेले किंवा गळलेले असले की सहलीचे फोटो गेले. म्हणून १९७० मध्ये मॅजिक्यूब आला. त्यात वीजच नव्हती. ताणलेली छोटी स्प्रिंग सुटून बल्बखालच्या स्फोटक बिंदूवर आपटे आणि बल्ब पेटे, बंदुकीच्या काडतुसासारखा. विद्युत जोडणीतला दोष घालवण्याचा हा सर्वांत मूलगामी उपाय. स्वस्त कॅमेऱ्यांपुरता तो चाललाही, पण इलेक्ट्रॉनिक फ्लॅश स्वस्त होताच बल्बांचे युग संपले. १९७५ चा कोनिका सी-३५ ईएफ अंगातच फ्लॅश घेऊन आला आणि साध्या हौशी माणसाच्या लेखी बाहेरची जोडणी संपली. धंदेवाईकांसाठी ती उरली.

त्यांच्यासाठी वायर टाळण्याचा मार्ग कॅमेऱ्याच्या डोक्यावरच होता. व्ह्यूफाइंडर किंवा अंतरमापक बसवण्यासाठी लायकावर पहिल्यापासून एक खाचेची पट्टी असे. न्यूयॉर्कच्या युनिव्हर्सल कॅमेरा कंपनीने १९३८ च्या मर्क्युरी कॅमेऱ्यात अशाच खाचेत विद्युत संपर्क घातला, आणि हॉट शू जन्मला. मध्ये एक बिंदू, आणि कडेच्या पट्ट्या म्हणजे परतीची वाट. रचना पीसी सॉकेटचीच, पण दाब वजनाने आणि स्प्रिंगने टिकणारा. तरीही ती सार्वत्रिक व्हायला तीस वर्षे गेली. निकॉनच्या १९५९ च्या एफ कॅमेऱ्यात शू फिल्म गुंडाळण्याच्या बटणाभोवती होता, त्यामुळे रोल बदलताना फ्लॅश काढावा लागे. निकॉनने हा हट्ट एफ-२ आणि एफ-३ पर्यंत चालवला. एफ-४ ला १९८८ मध्ये प्रमाणित शू मिळाला. मिनोल्टाने त्याच वर्षी उलट दिशा घेतली आणि सरकवून अडकवण्याचा स्वतःचाच शू काढला. तो सोनीकडे वारसाने गेला आणि २०१२ पर्यंत टिकला. त्या काळात बाहेरचा फ्लॅश घेणाऱ्याला अडॅप्टर घ्यावा लागे. अडॅप्टर म्हणजे बिघडू शकणारे आणखी दोन सांधे.

हॉट शूचे दोष पीसीपेक्षा सौम्य, पण चिवट आहेत. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बॅगेत पडलेल्या कॅमेऱ्याच्या शूवर आणि फ्लॅशच्या पायावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. डोळ्याला तो कळतही नाही. पेन्सिलचे खोडरबर आणि मग कापडाला लावलेले स्पिरिट, एवढ्याने निम्म्या तक्रारी मिटतात. सँडपेपर वापरणारे मुलामा खरवडून काढतात आणि पुढच्या पावसात तक्रार दुप्पट होऊन परतते. फ्लॅशचा पाय शेवटपर्यंत आत सरकवला नाही तर मधला बिंदू टेकतो आणि बाकीचे टेकत नाहीत. अनेक कॅनन कॅमेऱ्यांत शूच्या कडेला एक सूक्ष्म स्विच असतो. वर फ्लॅश बसला आहे की नाही, हे तो कॅमेऱ्याला सांगतो. तो घाणीने दाबलेला राहिला की कॅमेऱ्याला बाहेरचा फ्लॅश असल्याचा भास होतो आणि अंगातला फ्लॅश उठतच नाही. बाहेरचा काढून वर्ष झालेले असते, तरी दोष बाहेरच्या जोडणीचाच.

जुन्या फ्लॅशगनांनी डिजिटल कॅमेऱ्यांना दिलेला त्रास वेगळ्या जातीचा आहे, आणि सर्वांत महाग. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३०० व्होल्टचा दाब असतो. त्याच दाबाने भरलेला दुसरा छोटा कपॅसिटर कॅमेऱ्याच्या संपर्कातून रिकामा होतो, त्याने एका कॉइलमध्ये काही हजार व्होल्ट उठतात आणि झेनॉन पेटतो. जुन्या रचनेत कॅमेऱ्याच्या दोन टोकांवर हाच दाब थेट येई. यांत्रिक शटरच्या पितळी संपर्कांना त्याचे काही वाटत नव्हते. ठिणगीने त्यांच्यावर काळे डाग पडत, इतकेच. महाराष्ट्रातल्या लग्नसराईत ज्यांनी वर्षानुवर्षे काम केले अशा मेट्झ ४५ सीटी-१ या दांड्याच्या फ्लॅशच्या सुरुवातीच्या नगांवर २०० व्होल्टहून अधिक दाब मोजला गेला आहे. नव्वदीच्या दशकात संपर्काची जागा अर्धवाहकांनी घेतली आणि हाच दाब मारक ठरला. १९९२ च्या आयएसओ १०३३० ने २४ व्होल्टची मर्यादा घालून दिली. काही कॅमेऱ्यांसाठी उत्पादकांनी ६ व्होल्ट सांगितले, तर वरच्या श्रेणीच्या काही डिजिटल कॅमेऱ्यांनी २५० व्होल्टपर्यंत हमी दिली. एकाच कंपनीच्या दोन कॅमेऱ्यांत एवढा फरक असल्यामुळे, माळ्यावरचा जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्याला लावण्याआधी तो पूर्ण चार्ज करून पायाच्या मधल्या बिंदूवर आणि कडेच्या पट्टीवर मीटर धरून दाब मोजणे, हाच एक भरवशाचा उपाय उरतो. फ्लॅश उघडून पाहणे हा उपाय नव्हे. सेल काढल्यानंतरही मुख्य कपॅसिटरमध्ये जीवघेणा साठा राहतो, आणि जाणकार कारागीर तो रोधकातून उतरवल्याशिवाय आत बोट घालत नाही.

या दाबाचीच एक उलटी बाजू आहे, ती फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. शंभर-दोनशे व्होल्ट ऑक्साइडचा थर भेदून पलीकडे जातात. पाच-सहा व्होल्टना ते जमत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचा कॅमेरा त्याच काळातल्या फ्लॅशबरोबर सुरळीत चालतो आणि नवा, सुरक्षित, कमी दाबाचा फ्लॅश लावला की मुका होतो. मालक नव्या फ्लॅशला दोष देतो. दोष कॅमेऱ्यातल्या काळवंडलेल्या संपर्काचा असतो, आणि जुना दाब इतकी वर्षे तो झाकत आलेला असतो.

सत्तरच्या दशकात शूवरच्या मधल्या बिंदूला आणि कडेच्या पट्टीला शेजारी मिळाले. ऑलिम्पसच्या १९७५ च्या ओएम-२ ने फिल्मवर पडणारा फ्लॅशचा प्रकाश कॅमेऱ्याच्या आतूनच मोजून पुरेसा होताच फ्लॅश विझवण्याची सोय दिली. त्यासाठी शूवर जादा संपर्क लागला. कॅननच्या १९७६ च्या एई-१ ला १५५-ए हा फ्लॅश ‘तयार आहे’ म्हणून कळवी आणि कॅमेरा आपला वेग १/६० वर आणी. प्रत्येक कंपनीने हे जादा बिंदू मुद्दाम वेगळ्या जागी ठेवले. परिणामी मधला बिंदू सगळ्यांचा एक, बाकी भाषा ज्याची त्याची. एका कंपनीचा फ्लॅश दुसरीच्या कॅमेऱ्यावर पेटतो पण पूर्ण ताकदीने, किंवा भलत्याच मोजमापाने. १९९५ मध्ये कॅननच्या ई-टीटीएलने मुख्य झोताआधी एक छोटा मोजणीचा झोत सोडायला सुरुवात केली, आणि स्टुडिओंत एक जुनी व्याधी नव्या वेषात परतली. प्रकाश पाहून पेटणारे स्टुडिओतले दिवे पहिल्याच झोताला फसून पेटत. शटर उघडेपर्यंत ते रिकामे झालेले असत. फ्लॅश दिसला, फोटोत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअलवर ठेवला की हा दोष जातो.

इथून पुढे बिघाड शोधण्याची पहिली पायरीच बदलली. आता वायर आणि सेल यांच्याआधी मेनू पाहावा लागतो. फ्लॅश फायरिंग बंद असू शकते. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक वेळा फ्लॅश पेटतच नाही, आणि लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकांच्या वेळी शांतता हवी म्हणून चालू केलेले ते शटर नंतर बंद करायचे राहून जाते. मुंबईच्या फोर्टातल्या बोरा बाजारात दुरुस्तीला येणारे कॅमेरे असे मेनूतूनही बरे होतात. २०१९ मध्ये कॅननच्या २००डी मार्क-टू या लोकप्रिय कॅमेऱ्याच्या शूवरून मधला बिंदूच काढून टाकलेला आढळला. कॅननचे स्वतःचे फ्लॅश उरलेल्या संपर्कांवर चालले. १९३८ पासून चालत आलेला, जवळजवळ कुठल्याही फ्लॅशला कुठल्याही कॅमेऱ्याशी बोलू देणारा सांधा मात्र गेला. फ्लॅशला बिनतारी इशारा देणारे स्वस्त रेडिओ ट्रिगर घेणाऱ्या हौशी लोकांनी आधी ट्रिगर परत केले, मग कारण कळले. याहून कमी पैशांत याहून मोठी गैरसोय करणे कठीण होते.

रेडिओने वायर संपवली, बिघाड हवेत नेला. पॉकेटविझार्डच्या २००९ च्या नव्या ट्रिगरांना कॅननच्या ५८०-ईएक्स फ्लॅशमधून निघणाऱ्या रेडिओ गोंगाटाने हैराण केले. उपाय म्हणून फ्लॅशवर घालायचे एक आवरण काढावे लागले. पुढे गोडॉक्ससारख्या चिनी उत्पादकांनी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वस्त ट्रिगर आणले, आणि भारतातल्या लग्नाच्या छायाचित्रकारांची वायरीची गुंडाळी बॅगेतून गेली. गर्दीच्या सभागृहात जिथे शेकडो मोबाइल आणि वाय-फाय त्याच पट्ट्यात बोलत असतात तिथे ट्रिगर मध्येच चुकतो. चॅनेल बदलला की बहुधा सुधारतो. दोन छायाचित्रकार एकाच मांडवात एकाच चॅनेलवर असले तर एकाचे बटण दुसऱ्याचा फ्लॅश पेटवते, आणि त्याचे सेल दुपारीच संपतात.

हॉट शू स्वतः आता पुन्हा बदलतो आहे. कॅननच्या २०२१ च्या आर-३ पासून शूच्या पुढच्या कडेखाली २१ बारीक संपर्क आले. केवळ त्यांच्यावर चालणारा ईएल-५ हा फ्लॅश जुन्या शूवर बसत नाही. इतके बारीक संपर्क धूळ आणि घामाला जास्त भितात. म्हणून शूवरचे प्लास्टिकचे झाकण, जे आजवर सगळे हरवत आले, ते आता जपावे लागते. पीसी सॉकेट मात्र गेले नाही. निकॉनच्या झेड-९ वर ते आहे, कॅननच्या आर-५ वरही. रेडिओच्या भरवशावर न राहणारे स्टुडिओ आजही वायर लावतात, आणि त्यांच्या खणात टोक आवळण्याचे ते छोटे हत्यार असते.

सोनीच्या ए-९ थ्री या कॅमेऱ्याने २०२३ मध्ये पडदाच काढून टाकला. त्याचा सेन्सर एकाच क्षणी सगळा उघडतो आणि मिटतो, त्यामुळे काळा पट्टा उरला नाही आणि १/८०,००० सेकंदापर्यंत फ्लॅश जुळवता येतो. एवढ्या वेगात मात्र इतर कंपन्यांचे ट्रिगर संदेश पोचवायला जो किंचित वेळ घेतात तोच महाग पडतो. त्यासाठी या कॅमेऱ्याच्या मेनूत फ्लॅश केव्हा सोडायचा ही वेळ हाताने जुळवण्याची सोय ठेवली आहे.